फंक्शन मोडू नकोस

चि. मुक्ता हिस,


तुझा फोर्ट्रान कोड वाचला. संपृक्त बाष्पदाब काढणारं एवढंसं फंक्शन मोडून त्याच्या ओळी तू प्रत्येक लूपमध्ये चिकटवल्यास. वेग वाढला, हे खरं. तरीही ते फंक्शन पुन्हा एकत्र कर. उद्या सूत्रातला एक स्थिरांक बदलला, तर एखादी जागा हमखास सुटेल आणि चूक सापडायला महिना जाईल.

वेगाचं तुझं वेड मला समजतं. शेगावात पाऊस कोसळतो तेव्हा खामगाव कोरडं असतं, हे तुझ्या बाबांना कुणी सांगायला नको; तो फरक टिपायला हवामान मॉडेलची जाळी बारीक हवी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही अंदाज प्रणाली २६ मे २०२५ ला सुरू झाली आणि १२ किलोमीटरची जाळी ६ वर आली. जाळी निम्मी झाली की बिंदू चौपट होतात, काळाची पावलंही आखूड घ्यावी लागतात. जीएफएस या जागतिक हवामान मॉडेलमध्ये ‘एफपीव्हीएस’ नावाचं असंच छोटं फंक्शन आहे. तापमान दिलं की बाष्पदाब देतं. असल्या फंक्शनला बिंदूगणिक, वातावरणाच्या थरागणिक हाक जाते. हाकेचा खर्च तसा किरकोळ. पण फंक्शनचं शरीर लूपमध्ये उतरलं की कंपायलरला सगळा हिशेब एकत्र दिसतो आणि तो अनेक बिंदू एकदम सोडवू शकतो. खरी कमाई तिथे आहे.

शरीर असं लूपमध्ये उतरवणं म्हणजे इनलाइन करणं; ते हाताने नको, कंपायलरवर सोपव. फोर्ट्रानच्या अधिकृत मानकात त्यासाठी शब्दच नाही. इंटेलच्या कंपायलरला ‘अ‍ॅट्रिब्यूट्स फोर्सइनलाइन’ असा निर्देश देता येतो. नुसतं ‘इनलाइन’ म्हणजे सूचना, ‘नोइनलाइन’ म्हणजे मनाई. क्रेच्या कंपायलरमध्ये ‘इनलाइनऑलवेज’ आणि ‘इनलाइननेव्हर’. जीफोर्ट्रानमध्ये ‘नोइनलाइन’ आहे, पण सक्तीची सोय नाही. तिथे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर ‘एफएलटीओ’ पर्याय लाव, नाहीतर कंपायलरला ते दिसणारच नाही. हे सगळे निर्देश उद्गारचिन्हाने सुरू होतात. दुसऱ्या कंपायलरच्या लेखी ती फक्त टिप्पणी, म्हणून कंपायलर बदललास की ते गुपचूप निकामी होतात.

आणि मनाईलाही तितकंच महत्त्व दे. चूक झाल्याचा संदेश छापून थांबणारं सबरूटीन लूपमध्ये कशाला हवं? सगळंच कोंबलं तर प्रोसेसरच्या सूचनांची कॅश अपुरी पडते आणि कोड उलट मंदावतो. शिवाय इनलाइन झाल्यावर गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत मिसळू शकते आणि शेवटचा दशांश हलतो. हवामानात तो फरक दिवसागणिक वाढतो. जुन्या-नव्या कोडची उत्तरं बिटन्‌बिट ताडायची असतील, तेव्हा संशय असलेल्या फंक्शनवर ‘नोइनलाइन’ टाकून बघ. गोंधळ कुठून येतो ते कळेल.

आधी प्रोफाइल काढ. वेळ खाणाऱ्या फंक्शनवरच निर्देश ठेव आणि कंपायलरने तो पाळला का, हे त्याच्या ऑप्टिमायझेशन अहवालात तपास. जीफोर्ट्रानला ‘एफऑप्ट-इन्फो-इनलाइन’ दिलं की तो सांगतो. निर्देशासह आणि निर्देशाविना लागणारा वेळ मोजून मला पाठव.



तुझा,
मामा