कब्जेदार कोण

संगणकाच्या व्यवसायात जे विकार विद्वत्तेने चर्चा करण्याजोगे मानले जातात, त्यांत पोर्टच्या, म्हणजे यंत्रावरील एकाच क्रमांकासाठी दोन प्रोग्रामांत जुंपणाऱ्या, तंट्याला फारसे मानाचे स्थान नाही. वेब सर्व्हर चालू होण्यास नकार देतो, त्याच्या लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ एवढीच एक ओळ उमटते, आणि ती वाचून तरुण मंडळी किंचित तुच्छतेने म्हणतात, “काही नाही, पोर्ट अडकलंय.” सोलापुरातील चादरी-टॉवेलांचे व्यापारी, यंत्रमागाचे कारखानदार आणि दोन-तीन महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा यांची यंत्रे सांभाळण्यात माझा बराच काळ गेल्यामुळे या ‘काही नाही’चा मला पुष्कळ सहवास घडला, आणि माझे मत असे होत गेले की, ज्याला हा क्षुल्लक तंटा शांतपणे मिटविता येतो, त्याला यंत्राच्या अंतरंगातला राज्यकारभार खरोखर कळलेला असतो.

तक्रार येते ती अर्थातच या शब्दांत येत नाही. आमच्या गावी मालक मराठीत सांगतो, हिशेबनीस कानडीत पुस्ती जोडतो, आणि ज्याने प्रत्यक्ष पडदा पाहिलेला असतो तो जॉबर तेलुगूत काही निराळेच सांगत असतो. तिघांच्या कैफियतींचा मेळ घालता एवढेच निष्पन्न होते की काल चालत होते ते आज चालत नाही. (सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्डच्या पुठ्ठ्यांनी उठते, ते संगणकाचे पूर्वज होत, हे वाक्य इथल्या प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येते. ते खरेही आहे. परंतु ऐंशी क्रमांकाच्या पोर्टवरून जुंपलेल्या भांडणात त्या पूर्वजांचा मला कधी उपयोग झालेला नाही.)

क्रमांकांची मुळात वानवा नाही. पोर्टचा क्रमांक सोळा बिटांत लिहिला जात असल्यामुळे प्रत्येक पत्त्यामागे ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक उपलब्ध असतात. १९७२ च्या मे महिन्यात, जेव्हा संगणकांचे जाळे मोजक्या संस्थांपुरते मर्यादित होते, तेव्हा जॉन पोस्टेल यांनी एक टिपण लिहून असे सुचविले की अधिकृत क्रमांक वाटून देणारा कोणी एक सत्ताधीश असावा, आणि प्रश्नचिन्हासह स्वतःलाच त्या पदासाठी पुढे केले. १९९८ मध्ये निधन होईपर्यंत ते दप्तर त्यांनी, आणि दीर्घकाळ त्यांच्या सहकारी जॉइस रेनॉल्ड्स यांनी, सांभाळले. आज ते ‘आयाना’कडे आहे. त्या दप्तरात ८० हा क्रमांक साध्या वेबच्या नावे, ४४३ कूटबद्ध वेबच्या नावे, २२ दूरस्थ प्रवेशाच्या नावे, अशी व्यवस्थित नोंद आहे. परंतु दप्तराला अंमलबजावणीचा अधिकार नाही. खरा अंमल प्रत्येक यंत्रातल्या कर्नलचा. आणि १९८३ साली बर्कली युनिक्सच्या ४.२ आवृत्तीबरोबर जी सॉकेटची पद्धत रूढ झाली, तिच्यातील ‘बाइंड’ या मागणीचा निवाडा करताना कर्नल कुळ, परंपरा वा योग्यता यांपैकी कशाचीही चौकशी करीत नाही. पत्ता आणि क्रमांक ही जोडी मोकळी असली तर तो ती मागणाऱ्याच्या स्वाधीन करतो. नसली तर लिनक्सवर ९८ क्रमांकाची आणि विंडोजवर १०,०४८ क्रमांकाची त्रुटी त्याच्या हातावर ठेवतो. ज्यांनी शेतजमिनीचे दावे जवळून पाहिले आहेत त्यांना हे चित्र परिचित वाटेल: कागदावर नाव एकाचे, जमिनीवर नांगर दुसऱ्याचा, आणि इथला न्यायाधीश असा की तो फक्त नांगर पाहतो.

युनिक्सच्या परंपरेत एक अट मात्र आहे. १०२४ च्या खालचा क्रमांक घ्यावयाचा तर रूटचा परवाना लागतो, आणि तो नसल्यास जी त्रुटी येते ती १३ क्रमांकाची, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’. पहिल्या तक्रारीत जागेवर दुसरा कोणी असतो, दुसरीत जागा मोकळी असली तरी मागणाऱ्यालाच अधिकार नसतो. या दोन तक्रारी एकच समजून दिवसभर भलत्या ठिकाणी शोध घेणारे पाहिले म्हणजे लॉगमधील ओळ शेवटपर्यंत वाचण्याची सवय शाळेतच लावावी असे वाटते.

तेव्हा या धंद्यात पहिला प्रश्न ‘कसे हटवू’ हा नव्हे, ‘कब्जेदार कोण’ हा होय. विंडोजवर नेटस्टॅटला ए, एन, ओ ही तीन अक्षरे जोडावीत. लिनक्सवर ‘एसएस’ला विचारावे, किंवा पर्ड्यू विद्यापीठातील व्हिक एबेल यांनी रचलेल्या ‘एलएसओएफ’ला विचारावे. मात्र विचारताना अधिकार असावा, कारण रूटवाचून ‘एसएस’कडे चौकशी केली तर क्रमांक अडलेला दिसतो आणि दुसऱ्याच्या कब्जेदाराच्या नावाची जागा कोरी राहते. त्या कोऱ्या जागेवरून ‘भुताने पोर्ट धरले आहे’ असे निदान केलेले मी ऐकले आहे. नाव कळताच उतावळा मनुष्य ‘किल मायनस नाइन’ चालवितो, आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तोच कब्जेदार नव्या प्रोसेस क्रमांकाने पुन्हा जागेवर हजर होतो, कारण त्याला तिथे बसविणारा निराळाच असतो. लिनक्सवर सिस्टिमडीला ‘पडला तर पुन्हा उभा कर’ असा कायमचा हुकूम दिलेला असतो. कुठे डॉकरने तो क्रमांक आपल्या एखाद्या कंटेनरसाठी धरून ठेवलेला असतो. गड्याला घालविण्यात अर्थ नाही. हुकूम ज्याचा, त्याच्याकडे जावे.

याहून फसवा प्रकार विंडोजवर आढळतो. प्रयोगशाळेत विद्यार्थी झॅम्प बसवितो, त्यातला अपाचे हा वेब सर्व्हर उठत नाही, नेटस्टॅट ऐंशी क्रमांकाचा कब्जेदार म्हणून प्रोसेस क्रमांक ४ दाखवितो, आणि तो शोधावयास जावे तर तिथे ‘सिस्टिम’ एवढेच नाव असते. म्हणजे ज्याच्याकडे फिर्याद न्यावयाची तोच आरोपी! वस्तुतः विंडोजमध्ये ‘एचटीटीपी डॉट सिस’ हा कर्नलमधील भाग वेबच्या मागण्या आधी स्वतः स्वीकारतो आणि मग ज्यांनी त्याच्याकडे नोंदणी केली आहे त्यांच्याकडे पोहोचवितो. कर्नल इथे मुखत्यार आहे, मूळ धनी दुसराच. तो कधी आयआयएस असतो, कधी डेटाबेसबरोबर नकळत बसविली गेलेली, अहवाल छापणारी एखादी सेवा. ‘नेटश’ या आज्ञेकडून एचटीटीपीच्या सेवांची यादी मागितली म्हणजे धन्याचे नाव बाहेर येते, आणि मग ती सेवा बंद करणे वा तिला दुसरा क्रमांक देणे एवढेच उरते.

भारनियमनाच्या वर्षांत या प्रकाराने एका कारखान्यात चांगलाच गोंधळ माजविला होता. दोन हजारच्या दशकाचा तो उत्तरार्ध; वीज ठरल्या वेळी जाई, बॅटरी तिच्या मगदुराप्रमाणे तग धरी, आणि वैशाखाच्या उन्हात यंत्र दिवसातून एकदा तरी पडून उठत असे. त्यावर मागणीची साइट चालविणारा अपाचे होता आणि अहवालाची ती सेवाही होती. दोघांनाही यंत्राबरोबर आपोआप उठण्याचा हुकूम होता आणि दोघांनाही ऐंशीच हवा होता. जो आधी जागा होई त्याचा कब्जा. डिस्कवर भार किती, आदल्या वेळी यंत्र नीट मिटले होते की वीज तुटून पडले होते, यांवर ते ठरे. त्यामुळे एखाद्या दिवशी मागणीची साइट चाले आणि अहवाल अडे, एखाद्या दिवशी याच्या उलट होई. पूर्वीच्या देखभाल करणाऱ्याने यंत्र पुन्हा बंद-चालू करण्याचा सल्ला दिला होता आणि तो बरेचदा लागूही पडे, ही त्यातील मोठीच गंमत. कारण शर्यत पुन्हा लावली की दुसरा जिंकण्याचा संभव असतोच. अशा उपायाला यश येते म्हणून तो टिकतो, आणि तो टिकतो म्हणून मूळ तंटा वर्षानुवर्षे निकालात निघत नाही. विंडोजच्या नंतरच्या आवृत्त्यांत एखाद्या सेवेला उशिराने उठण्याची मुभा देता येते. परंतु तीही शर्यतीतला निकाल ठरवून टाकते एवढेच, शर्यत मिटवीत नाही. अहवालाच्या सेवेला निराळा क्रमांक दिला तेव्हाच त्या कारखान्यातील वीज जाणे हे केवळ वीज जाणे राहिले.

परंतु माझ्या आठवणीतील सर्वांत बोधप्रद खटला वारसाहक्काचा आहे. एका व्यापाऱ्याच्या लिनक्स यंत्रावर अपाचे थांबविला असता तो पुन्हा उठेना, आणि बाहेरून पाहणाऱ्यांचे म्हणणे असे की साइट बंद नाही, ती फार मंद झाली आहे. हे म्हणणे मला विलक्षण वाटले. थांबलेला सर्व्हर जोडणी नाकारतो, ताटकळत ठेवीत नाही. ‘एलएसओएफ’ने कब्जेदार म्हणून जे नाव दिले ते वेबशी काडीचाही संबंध नसलेल्या ‘आरसिंक’चे होते. उलगडा असा की साइटच्या व्यवस्थापकीय पानावर ‘बॅकअप’ असे एक बटण होते, ते दाबले की पीएचपी पडद्याआड एक स्क्रिप्ट सुरू करी, आणि युनिक्सच्या नियमाप्रमाणे अपत्याला जनकाची सर्व उघडी दालने वारशाने मिळतात. जनकाने एखाद्या दालनावर ‘क्लोज ऑन एक्झेक’ अशी खूण केलेली नसेल तर ऐकणारे सॉकेटदेखील त्यात आले. जनक निवर्तला, वारस फायली वाहत राहिला, आणि आपल्या हाती ऐंशी क्रमांक आहे याची त्याला गंधवार्ताही नव्हती. येणाऱ्या जोडण्या कर्नल नियमाने स्वीकारून रांगेत बसवी, आणि रांगेकडे पाहणारा कोणीच नसल्यामुळे ब्राउझरचे चक्र फिरत राही. बॅकअप संपेपर्यंत थांबलो, पोर्ट आपोआप मोकळे झाले, आणि पुढे ते काम वेब सर्व्हरकडून काढून क्रॉनकडे सोपविले.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. ‘लिसन ८०’ ही ओळ दोन फायलींत लिहिली गेल्याने अपाचे स्वतःशीच भांडतो. घरी लिहिलेला प्रोग्राम बंद करून लगेच चालू केला असता जुन्या जोडण्यांची ‘टाइम वेट’ची मुदत, लिनक्सवर एका मिनिटाची, आड येते, ‘रीयूज ॲड्रेस’ हा पर्याय मागितला की हरकत संपते, आणि प्रस्थापित सर्व्हर तो मागतातच. ज्याने आपल्या प्रोग्रामला चाळीस हजारांच्या घरातला क्रमांक ‘इथे कोण येतो’ म्हणून दिला असेल, त्याने हे ध्यानी घ्यावे की ३२,७६८ पासून ६०,९९९ पर्यंतचा पट्टा लिनक्स बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना तात्पुरता वाटत असतो. महिनोन्महिने काही होत नाही, आणि एके सकाळी कोणी वाटसरू नेमका त्याच ओसरीवर बसलेला सापडतो.

तंटा दिसताच वेब सर्व्हरला ८०८० देऊन मोकळे होण्याची जी रीत पडली आहे, ती मला पसंत नाही. बिलावर, पिशवीवर, नव्या पेठेतल्या दुकानाच्या पाटीवर छापलेल्या पत्त्यापुढे ग्राहकाने अपूर्णविराम आणि चार आकडे जोडावेत, ही अपेक्षा व्यर्थ आहे; शिवाय मूळ कब्जेदार अज्ञातच राहतो. १९९७ साली एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीने प्रत्येक मागणीबरोबर साइटचे नाव पाठविण्याची सक्ती केल्यापासून एका ऐंशीवर कितीही साइटींचा संसार सुखाने चालतो. दारावर एनजिनएक्सला बसवावे, त्याने नाव विचारून ज्याला त्याला आतल्या क्रमांकाकडे धाडावे.

आणि दोघांपैकी एकाला हलवावेच लागले, तर ज्याची ओळख कमी आहे त्याला हलवावे असा माझा प्रघात आहे. एका पेढीवर हिशेबाचा प्रोग्राम ९००० धरून होता आणि नवी साइट बसविणाऱ्याने पीएचपीलाही, तिच्या रिवाजाप्रमाणे, ९००० च दिला होता. साइट बसविणाऱ्याचा आग्रह होता की हिशेबाने सरकावे, कारण मागाहून आलेले असले तरी वेबचे काम अधिक प्रतिष्ठेचे. हिशेबाच्या त्या क्रमांकाशी दुसऱ्या शाखेचे यंत्र, वजनकाट्याची जोडणी आणि कर-सल्लागाराची एक्सेलची फाइल असे तिघे बांधलेले होते. पीएचपीचा क्रमांक मात्र एनजिनएक्सच्या एका ओळीपलीकडे जगात कोणालाही ठाऊक नव्हता. पीएचपीला ९००१ दिला, एनजिनएक्सची ती ओळ बदलली, आणि तिच्यावर कारण व तारीख लिहून ठेवली, कारण पुढच्या येणाऱ्याला तो आकडा लहरीने निवडलेला वाटला असता आणि त्याने तो ‘दुरुस्त’ केला असता.