रिकामी वाटी

बकरं सोलताना खाटकाचा हात एका जागी सावकाश होतो. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवट पिशवी न फोडता सोडवावी लागते. फुटली तर अख्खी कलेजी कडू. एरवी ती पिशवी कुत्र्यांपुढे पडते. पुण्याच्या कॅम्पातल्या एका चाचांनी ती दीड वर्ष माझ्यासाठी बर्फाच्या डब्यात जपून ठेवली. सकाळी सहाला मी थर्मास घेऊन जायचो. पहिल्या दिवशी पैसे पुढे केले तर म्हणाले, "बीमार माणसांच्या कामाला येणार ना? मग राहू दे खिशात." बकरी ईदला तर त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. सणाच्या धावपळीतही माझा डबा काठोकाठ भरलेला होता.

एवढं पित्त मला कशाला हवं होतं, हे सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

२००९ साली माझ्या वडिलांच्या पित्तनलिकेत खडे अडकले. दुर्बिणीतून खडे काढले, सूज होती म्हणून नलिकेत प्लॅस्टिकची नळी बसवली आणि तीन महिन्यांनी ती काढायला या, असं सांगितलं. अण्णांना बरं वाटू लागलं. ऊस तोडणीला आला, मग नव्या लागणीची घाई, मग माझ्या बहिणीचं लग्न. चौदा महिन्यांनी एका रात्री हुडहुडी भरून ताप आला. डोळे हळदीसारखे झाले होते, आणि सोलापूरला पोचेपर्यंत ते असंबद्ध बोलायला लागले होते. नळी काढली तेव्हा मी पाहिली. बॉलपेनच्या रिफिलहून जराशी जाड, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट गाळानं गच्च. अण्णा वाचले. मी तेव्हा धातुशास्त्र शिकत होतो. ती नळी धुवून बाटलीत ठेवली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

त्या नळीला मी दोष देत नाही. हॅम्बुर्गच्या निब सोहेन्द्रा यांनी १९७९मध्ये दुर्बिणीतून अशी नळी बसवून दाखवली. तोवर तुंबलेल्या पित्ताला वाट करून द्यायला पोट उघडावं लागे, नाहीतर बरगड्यांमधून सुई घालून ते बाहेरच्या पिशवीत काढावं लागे. पण प्लॅस्टिकवर जिवाणूंचा थर बसतो, त्यावर गाळ धरतो आणि तीन-चार महिन्यांत वाट बुजते. धातूच्या जाळीची नळी रुंद असते, जास्त टिकते. पण उघड्या जाळीत मांस वाढत जातं आणि मग ती काढणं कठीण. आपलं काम झालं की आपणच विरघळून जाईल अशी नळी का नको? अण्णांसारखा माणूस परत आलाच नाही, तरी त्याच्या पोटात काही उरणार नाही. याच प्रश्नापायी मी मॅग्नेशियमकडे वळलो.

आपल्या शरीरात एरवीही सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, म्हणून हा धातू परका वाटत नाही. ग्राझचे शल्यविशारद एर्विन पायर यांनी १९००च्या सुमारास रक्तवाहिन्या जोडायला मॅग्नेशियमच्या नळ्या वापरल्या होत्या. १९०७मध्ये बेल्जियमच्या लांबोत यांनी मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत पट्टीचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साठला. पाण्याशी गाठ पडली की हा धातू हायड्रोजन सोडतो. एक मिलिग्रॅम झिजला तर साधारण एक मिलिलिटर. मांडीत तो जिरून जाईलही, पण सहा-सात मिलिमीटरच्या पित्तनलिकेत? शिवाय झिजताना भोवतालचा द्रव अल्कधर्मी होतो, नळी ज्या तारेची विणायची त्या तारेची ताकद जाते, तुकडा सुटू शकतो. नळी विरघळते हे दाखवणं सोपं होतं. ती कुणाला इजा न करता विरघळते का, एवढाच माझा प्रश्न होता, आणि त्यात माझी चार वर्षं गेली.

चाचांचं पित्त त्यासाठी लागायचं. यकृतातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पित्त वाहतं, म्हणजे मिनिटाला जेमतेम अर्धा मिलिलिटर. तेवढ्याच संथपणे ते पंपानं तारेवरून वाहवायचं, सदतीस अंशांवर. बरणीतल्या साचलेल्या पित्तात तार छान टिकायची, कारण झिजेतून आलेला थर तिच्यावरच बसून राहायचा. पित्त वाहतं केलं आणि तीच तार कितीतरी लवकर खंगली.

पेशींवरच्या चाचण्या आमच्या प्रयोगशाळेत ताई करायच्या. हुद्द्यानं त्या तंत्रज्ञ, शिक्षण बी.एस्सी., नोकरी तीस वर्षांच्या घरातली. पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यांना सगळे 'वेल' म्हणत, ताई मात्र वाट्या म्हणत. चाचणी साधी होती. वाटीत पेशी, पेशींशेजारी तारेचा तुकडा, आणि वरून एक पिवळं रसायन. पेशी जिवंत असतील तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात. जितकं गडद जांभळं, तितक्या पेशी सुखरूप.

२०१३च्या ऑगस्टमधला एक शनिवार. प्लेट गडद जांभळी निघाली. तारेजवळच्या पेशी तारेविना वाढलेल्या पेशींपेक्षाही सुखात दिसत होत्या. मी आकडे घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे निघालो, तेव्हा ताईंनी हाक मारली. "थांब. ही वाटी बघ." प्लेटच्या कोपऱ्यात त्यांनी एका वाटीत नुसती तार ठेवली होती. पेशी एकही नाही. तरी ती वाटी जांभळी झाली होती.

रंग तार स्वतःच बदलत होती. झिजणारं मॅग्नेशियम त्या पिवळ्या रसायनावर तीच क्रिया करतं जी जिवंत पेशी करते; मेलेल्या पेशींच्या वाटीतही ते जिवंतपणाचा रंग चढवतं. जर्मनीतल्या गेस्टहाख्टच्या संशोधकांनी हे २०१०मध्येच छापलं होतं. मी तो निबंध वाचला नव्हता. ताईंनीही नव्हता. त्यांची फक्त सवय होती, की प्रत्येक नव्या वस्तूसाठी एक वाटी रिकामी ठेवायची. ती कुणी सांगितली नव्हती, आणि त्यापायी जाणारा माल वाया जातो म्हणून त्यांना बोलणीही खावी लागली होती.

आम्ही ती चाचणी सोडली. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दाखवणारा रंग आणला. सूक्ष्मदर्शकाखाली तारेभोवती लाल पेशींचं कडं दिसलं आणि त्याच्या पलीकडे हिरवळ. मी गप्प बसून राहिलो. पुढची पायरी सशांवरच्या प्रयोगाची होती. ताई म्हणाल्या, "वाटीत मरतंय ते मरू दे. सशात नको." तारेवर आवरण चढवून, मिश्रधातू बदलून ते कडं अरुंद करायला पुढचं वर्ष गेलं. त्या आधीची तार सशांपर्यंत गेली असती तर किती ससे निष्कारण गेले असते, याचा हिशोब मी मनात पुष्कळदा केला आहे.

ससे शेवटी लागलेच. नैतिकता समितीची परवानगी, कमीत कमी संख्या, भूल, सगळं रीतसर झालं. तरी पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की कागदांचा आधार वाटत नाही. प्राणीघरात काका होते. ते रोज पहाटे प्रत्येक सशाच्या लेंड्या मोजायचे, कारण दुखत असलं तरी ससा सांगत नाही, तो फक्त खाणं सोडतो. एकदा त्यांनी मला फोन केला, "चार नंबरचे कान पिवळे दिसतायत." रक्ताचा अहवाल दुपारी आला, बिलिरुबिन चढलेलं होतं. तारेचा एक तुकडा सुटून नलिकेच्या तोंडाशी अडकला होता. आवरण टिकलं होतं, पेशी टिकल्या होत्या, पण तार जिथं तुटायला नको तिथं तुटली. ते आम्ही जसंच्या तसं लिहिलं.

प्रयोगाच्या शेवटी सशांना यकृत, मूत्रपिंड आणि नलिका तपासण्यासाठी मारावं लागतं. त्या दिवशी काका दुसऱ्या कुणाला पिंजऱ्याला हात लावू देत नसत. स्वतः ससा छातीशी धरून घेऊन यायचे. मी एकदा म्हणालो, "काका, मी आणतो." ते म्हणाले, "नको. ओळखीच्या हातातनं जाऊ दे." त्या पंधरा सशांच्या यकृताचे काप अजून आमच्या कपाटात आहेत. मी नव्या विद्यार्थ्यांना ते दाखवतो, तेव्हा आधी काकांबद्दल सांगतो.

आमची नळी अजून माणसात गेलेली नाही. अरुंद झालेली नलिका बरी व्हायला कित्येक महिने आधार लागतो आणि आमची तार त्याआधीच दमते. अण्णा दर दिवाळीला विचारतात, मी दर दिवाळीला खरं तेच सांगतो.

ताई गेल्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी रजिस्टरं नव्या मुलीच्या हवाली केली. २०१३चं रजिस्टर मी उघडलं. ऑगस्टच्या पानावर निळ्या शाईत, त्यांच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती: 'रिकामी वाटी जांभळी. निकाल धरू नये. परत करणे.' मी ते पान मागितलं.

"रजिस्टरचं पान फाडत नाहीत," ताई म्हणाल्या. "झेरॉक्स काढून घे."