घरचे नाटक

ज्या भाच्याने लहानपणी आमच्या ग्रामदेवतेच्या उत्सवात, हरिश्चंद्राच्या नाटकात, रोहिदासाची भूमिका केली, तो आज टोरांटोस एका लहानशा निर्मितिसंस्थेचे हिशेब पाहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या घरी गेलो असता मेजावर एक गुणपत्रक आमच्या दृष्टीस पडले. दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिका करसवलतीसाठी ‘कॅनेडियन’ ठरावयाची, तर १० पैकी निदान ६ गुण हवेत: दिग्दर्शक देशी असल्यास २, लेखक देशी असल्यास २, प्रमुख नट, संगीतकार, संकलक इत्यादिकांचा एकेक. आम्हांस हसू आवरेना. सरस्वतीच्या दरबारी जन्मदाखला कशास? कला कायद्याने उपजत नाही, हे आमचे वकिलीत मुरलेले मत.

भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, हे गुण कलेचे नव्हेत, काम कोणाच्या हाताला मिळाले, त्याचे आहेत.”

मग त्याने हिशेब उलगडला. कॅनडाची बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगत. क्वेबेकबाहेर भाषाही बहुधा तीच. १९५२ साली सीबीसीने दूरचित्रवाणी सुरू केली, त्यापूर्वीच सीमेजवळचे लोक अमेरिकन केंद्रे पाहू लागले होते. अमेरिकन मालिकेचा खर्च बव्हंशी घरच्याच बाजारात वसूल होतो. म्हणून ती शेजाऱ्यास निर्मितिखर्चाच्या अल्पांशात विकता येते. घरची मालिका मात्र पहिल्या खिळ्यापासून उभारावी लागते. वाहिनीचे शुल्क, करसवलत, निधीचे साह्य अशी मोट बांधल्याखेरीज चित्रीकरणाचा मुहूर्त लागत नाही.

संगीताचीही तीच कथा. १९७१ मध्ये नभोवाणी केंद्रांवर ३० टक्के संगीत देशी असण्याचे बंधन आले. १९९९ मध्ये लोकप्रिय संगीतापुरते ते ३५ टक्क्यांवर गेले. संगीतरचना, गायक, गायनाचे वा मुद्रणाचे स्थळ आणि शब्द, ह्या चारांपैकी दोन गोष्टी देशी हव्यात. १९९१ साली ह्याच नियमाने ब्रायन अ‍ॅडम्स ह्या कॅनेडियन गायकाची नवी गाणी परकी ठरविली. कारण रचनेत त्यांचा सहकारी परदेशी होता! पुढे नियम सुधारला गेला. आमच्यातील वकील क्षणभर सुखावला. पण नियमाचे शब्द चुकले, म्हणून त्याचे प्रयोजन चुकले असे होत नाही.

त्या रात्री भाच्याने ‘कॉर्नर गॅस’ ह्या विनोदी मालिकेचा एक भाग दाखविला. सास्कॅचेवानच्या सपाट मुलुखातील एक खेडे, तेथील पेट्रोलपंप, चार माणसे आणि त्यांच्या गप्पा. २००४ ते २००९ अशी सहा पर्वे ती चालली. असले आडगाव परक्या कंपनीने कशास रंगविले असते?

हसता हसता आम्ही गप्प झालो. बारा वर्षांपूर्वी देवस्थानच्या महाजनांच्या सभेत, गावकऱ्यांच्या नाटकाऐवजी बाहेरची नामांकित मंडळी आणावी, असा ठराव आम्हीच मांडला होता. दर्जाचा युक्तिवाद बिनतोड होता. दोन महिन्यांच्या तालमींचा व्यापही वाचत होता. ठराव एकमताने संमत झाला. आज गावात पेटीवर बसणारा कोणी उरला नाही, आणि रोहिदासाचे एक वाक्यही कोणा मुलास येत नाही.

परत येताच आम्ही नवा मसुदा केला आहे: उत्सवाची एक रात्र गावच्या नटांची, तालमींचा खर्च देवस्थानचा. पहिले प्रयोग कच्चे होतील, हेही त्यात स्वहस्ते लिहिले आहे. पुढील सभेत आम्हांस आमच्याच जुन्या युक्तिवादाविरुद्ध उभे राहावयाचे आहे.