तिन्हीसांजेला मुळेच्या काठी

आमच्या वन्सं राहुरीला असतात. भाऊजी कृषी विद्यापीठातून निवृत्त झाले आणि तिथंच घर बांधून राहिले. फेब्रुवारीत आठ दिवस त्यांच्याकडे गेले, तेव्हा लेकीनं सासरी जाताना मागे ठेवलेला कॅमेरा बरोबर घेतला होता. शनिशिंगणापूर करून ये, असं ह्यांनी बजावलं होतं. झालं भलतंच!

बारागाव नांदूरजवळ मुळेवर मोठं धरण आहे. जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात. नगर शहर हेच पाणी पितं. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी मागं सरकतं आणि काठाला ओला गाळ उघडा पडतो. वरच्या अंगाला शेतकरी गाळपेर करतात, खालच्या चिखलात पक्ष्यांची पंगत बसते. लांब लाल पायांचा शेकाट्या पार पाण्यात उतरतो, तर शेपटी खालीवर हलवणारा तुतवार काठ सोडत नाही. हा हिवाळ्याचा पाहुणा, हिमालयातून आणि त्याहूनही उत्तरेकडून येतो.

पहिल्या दिवशी दुपारी फोटो काढले. बगळा म्हणजे नुसता चुन्याचा फराटा! भाऊजी म्हणाले, "वहिनी, सूर्य बुडू द्या, मग बघा." साडेसहाच्या सुमारास सूर्य गेला आणि खरोखरच सावल्या पुसल्या. पाणी आधी केशरी, मग जांभळं झालं. बगळ्याच्या पांढऱ्यात पीस न् पीस दिसू लागलं. पण हा उजेड आपल्याकडे जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो. भात शिजेपर्यंत म्हणा ना!

उजेड कमी म्हणजे शटर सावकाश उघडझाप करणार आणि हात हलला की फोटो पुसट. त्यावर माझी युक्ती सांगते. जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवून तीत किलोभर हरभरे भरले. दगडावर पिशवी, पिशवीवर कॅमेरा. बांधावरच बसायचं, त्यामुळे पक्षी पाठीवरून नाही, नजरेला नजर देऊन दिसतो. शटर एक साठांश सेकंद ठेवलं, तरी ध्यानस्थ राखी बगळा छान येतो. फ्लॅश मात्र बंद. पांढरा पक्षी असेल तर उजेडाचं माप थोडं कमी करायचं. मावळतीकडे पाठ केली तर पक्ष्याचे रंग येतात, तोंड केलं तर नुसती काळी आकृती. मला दुसरीच जास्त आवडते. आणि गाळात पाय घालू नका, गुडघ्यापर्यंत रुततो. सोबतीशिवाय तर जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी माझी चूक झाली. आणखी जवळून हवा म्हणून लाल साडीतच पुढं गेले आणि शेकाट्यांचा सगळा थवा ओरडत उडाला. भाऊजी रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "अंधारापूर्वीचा शेवटचा घास होता हो त्यांचा." भरल्या ताटावरून कुणाला उठवावं, तसं मला झालं. त्या दिवशीचा एकही फोटो मी ठेवला नाही.

घरी वन्संचा चेहरा उतरलेला. "दिवेलागणीला बाईमाणूस घरात हवं," त्या पुटपुटल्या. खोटं कशाला बोलू, चाळीस वर्षांच्या संसारात तिन्हीसांजेला मीही कधी दाराबाहेर नव्हते. देवापुढचा दिवा, कुकर, मुलांची शुभंकरोती. सूर्य कसा बुडतो ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल तेवढंच.

तिसऱ्या दिवशी मी वन्संनाच ओढून नेलं. भाच्यानं गाडीनं सोडलं, भाऊजी घरी थांबले. आम्ही दोघी मातकट शाली पांघरून बांधावर बसलो. अर्ध्या तासानं पक्षी आपणहून जवळ आले. एक शेकाट्या तर अगदी समोर. खाली त्याचं प्रतिबिंब, चोचीला चोच लावून. मी तीन फोटो घेतले. मग उजेड संपला.

वन्सं तीस वर्षं राहुरीत आहेत. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, हे रोज होतं इथं?"

सव्वासातला घरी पोचलो. भाऊजींनी देवाजवळ दिवा लावला होता. भातात पाणी जरा जास्त झालं होतं, पण दोघींनी चाटूनपुसून खाल्ला.