एकाच नावाचे चार व्हॉल्व्ह

मुलांनो, सायकलच्या चाकात ट्यूब असते आणि ट्यूबला व्हॉल्व्ह असतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण अशीही एक वस्तू आहे, जिला अमेरिकेत ट्यूब म्हणतात आणि इंग्लंडात व्हॉल्व्ह! वस्तू तीच, बरं का. जुन्या रेडिओत आणि अॅम्प्लिफायरमध्ये मंद केशरी उजेड देणारी ती काचेची नळी.

१९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह बनवला. सायकलचा व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. तसा यातून विजेचा प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून ते नाव. नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाजूच्या प्लेटकडे ओढले जातात. १९०६ साली अमेरिकेत डी फॉरेस्ट यांनी या दोघांच्या मध्ये तारेची जाळी बसवली आणि खरी गंमत सुरू झाली. शेतातल्या पाटाला दार असतं ना? ते हाताने जरासं वरखाली केलं, की केवढं तरी पाणी कमीजास्त होतं. जाळीचं काम तेच. गाण्याचा इवलासा विद्युतसंदेश जाळीला द्यायचा, की मोठा प्रवाह त्याच्या तालावर नाचतो.

माझ्या मामांकडे असा एक अॅम्प्लिफायर आहे. आजी त्यावर नाट्यगीतांच्या तबकड्या ऐकते. मागच्या वर्षी त्यातून सारखं 'घूंऽऽ' येऊ लागलं. आजीने ऐकणंच सोडलं. "गाण्यात भुंगा शिरलाय," म्हणाली, आणि तबकड्यांवर कापड टाकून मोकळी झाली. मामांच्या ते फार जिवाला लागलं.

त्या अॅम्प्लिफायरमध्ये शेवटच्या जागी दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. नाव 'ईएल ८४'. या नावातही अर्थ आहे हं! 'ई' म्हणजे आतली तापणारी तार ६.३ व्होल्टची. 'एल' म्हणजे स्पीकरला जोर पुरवणारा. '८' म्हणजे नऊ पायांची बैठक, आणि '४' हा त्याचा क्रमांक. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये असे व्हॉल्व्ह आजही बनतात. पण ते स्वस्त नाहीत. मामांनी पैसे साठवून चार नवे मागवले.

मला वाटलं, आता दोन काढायचे, दोन बसवायचे, झालं! मामा म्हणाले, "थांब गं बाई. आधी मोजू दे. नाव सारखं म्हणून माप सारखं नसतं."

व्हॉल्व्हचा माहितीतक्ता सांगतो : प्लेटला २५० व्होल्ट आणि जाळीला उणे ७.३ व्होल्ट दिले, की प्रवाह ४८ मिलिअँपिअर. मामांनी चौघांना अगदी तेवढंच दिलं. मी लांब बसून आकडे लिहून घेत होते. ४७, ३९, ५२, ४६! (काढा बघू सरासरी.)

असं का? तक्त्यातला आकडा हा नमुन्याचा असतो, प्रत्येक नगाची हमी नसते. जाळीची तार केसासारखी बारीक. जाळी आणि कॅथोड यांच्यातलं अंतर मिलिमीटरहून कितीतरी कमी. वेढा किंचित सरकला, कॅथोडवरचा लेप जरा पातळ बसला, की प्रवाह बदलतो. शिवाय वापरून वापरून व्हॉल्व्ह थकतो तो वेगळाच. मुलांच्या उंचीचे तक्ते भरताना मला हल्ली हे हटकून आठवतं.

आता भुंगा कुठून आला? वीज पुरवणाऱ्या भागातून थोडी थरथर दोन्ही व्हॉल्व्हमध्ये येतेच. पण ते दोघं ट्रान्सफॉर्मरला विरुद्ध बाजूंनी ओढतात, रस्सीखेचीसारखे. दोन्ही बाजू सारख्या असल्या, की ती थरथर एकमेकांत विरते. एक बाजू कमजोर झाली, की उरलेली थरथर स्पीकरमध्ये 'घूं' करते. आमच्या जुन्या जोडीतला एक अगदी थकला होता.

मामांनी ४७ आणि ४६ ची जोडी लावली. (तुम्ही मात्र असा जुना डबा उघडू नका हं! आत शेकडो व्होल्ट असतात आणि पिन काढल्यावरही काही भागांत वीज साठून राहते.) अर्ध्या मिनिटात नळ्या केशरी झाल्या. आजीने कान दिला, काही बोलली नाही, आणि तबकड्यांवरचं कापड काढलं.

राहिले ३९ आणि ५२. त्यांची काही जोडी जमेना. पण माळ्यावरच्या जुन्या रेडिओत ईएल ८४ एकटाच काम करतो, तिथे जोडीदार लागतच नाही. मामांनी ५२ वाल्याला तिथे बसवलं. ३९ वाला डबीत आहे, अंगावर पेनाने आकडा लिहून.