चालत्या गाडीच्या बाजूने

जुन्या मोटरसायकलींची प्रदर्शनं मला आजही तितकीच आवडतात. माझं मत पालटलं आहे ते माळरानावर, मातीच्या ट्रॅकवर होणाऱ्या हौशी शर्यतींबद्दल. या शर्यती म्हणजे जुन्या गाड्यांचा कत्तलखाना, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले आणि आमच्या प्रदर्शनवाल्यांच्या गटात ते ठासून बोलतही आले. आज मला वाटतं की जावा, येझदी, आरएक्स-१०० यांसारख्या टू-स्ट्रोक गाड्या जित्या ठेवण्याचं काम ही शर्यतीतली मुलं आम्हा प्रदर्शनवाल्यांपेक्षा जास्त करतात. गटातल्या काही जुन्या मित्रांना हे रुचलेलं नाही. हे लिहिताना तेच माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आधी प्रदर्शनाबद्दल, कारण प्रेम तिथूनच सुरू झालं. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा दिवस. पुण्यात तेव्हा बहुधा भुरभुर पाऊस असतो, तरी सकाळी सकाळी गाड्या जमायला लागतात. मरून रंगाच्या टाक्या, टाकीच्या दोन्ही अंगांना क्रोम, त्यावर रबरी पॅड, आणि किक मारायची अन् गिअर टाकायचा दांडा एकच. हा दांडा ज्याने पहिल्यांदा पाहिलाय त्याला तो समजावून सांगताना मालकाच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पाहायला मी पावसात उभी राहते. रुस्तुम इराणी आणि फारोख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरला कारखाना काढला. १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या, १९७३ पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. माझ्या बाबांची येझदी १९७४ ची. तिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले आहे.

सर्वसाधारण प्रदर्शनात त्याहून मोठा मेळा असतो. महायुद्धात ब्रिटिश फौजेने वापरलेल्या बीएसए आणि नॉर्टन, मद्रासच्या जुन्या बुलेट, ‘बॉबी’ चित्रपटामुळे घराघरात पोचलेली राजदूतची छोटी जीटीएस. कोपऱ्यात फिरोदियांची लुना असते, १९७२ साली आलेली, आणि तिच्याभोवती सगळ्यात जास्त बायका उभ्या असतात. ‘माझ्या आईकडे होती,’ ‘मी हिच्यावर शिकले’ ही वाक्यं तिथे ऐकू येतात. लाखमोलाच्या ट्रायम्फपाशी ती मी कधी ऐकली नाहीत.

या जगाची एक शिस्त आहे आणि ती मला मान्य आहे. रंगाची छटा कारखान्यातून आली तीच हवी, टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानेच मारलेल्या हव्यात, नटबोल्ट त्या काळचे हवेत. एका मूळ टेललाइटसाठी लोक जुना बाजार पालथा घालतात. असं मन असलेल्या माणसाला मातीच्या ट्रॅकवरची यामाहा आरएक्स-१०० पाहवत नाही. पुढचा दिवा काढून टाकलेला, मडगार्ड कापलेलं, मूळ सायलेन्सरच्या जागी फुगीर पोटाचा पाइप, मागे मोठं स्प्रॉकेट, सीटचा फोम अर्धा. १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात ही गाडी बनली. कापलेली प्रत्येक गाडी म्हणजे कायमची वजा झालेली गाडी, हा माझा हिशेब होता.

तो हिशेब मोडला एका गॅरेजात. बाबांची येझदी प्रदर्शनातून टेम्पोने घरी यायची, कापडाखाली उभी राहायची आणि पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा टेम्पोत चढायची. क्रोम आरशासारखं होतं. पण एकदा चालू केली तर ती आवरेना: मूठ सोडली तरी इंजिन आपोआप चढत जायचं. मी एकामागून एक गॅरेजं केली. तिथली मुलं हुशार होती, पण फोर-स्ट्रोकवर वाढलेली. सगळ्यांनी कार्बोरेटरच साफ करून दिला. शेवटी कुणीतरी एका चाचांचा पत्ता दिला. ते शर्यतीच्या गाड्या करतात हे कळल्यावर मी दोन दिवस जायचं टाळलं होतं.

चाचांनी गाडीला हातही न लावता आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘‘ताई, कार्बोरेटर सोडा. क्रँकचं सील सुकलंय. गाडी चालवत नाही ना तुम्ही?’’

या टू-स्ट्रोक इंजिनांत फोर-स्ट्रोकसारख्या सिलिंडरच्या माथ्यावरच्या झडपा नसतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली, क्रँकच्या पोटात जातं आणि पिस्टनच्या दाबाने तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे ते पोट हवाबंद हवं. दोन्ही बाजूंची रबरी सीलं ते बंद ठेवतात. इंजिन फिरत राहिलं की मिश्रणातलं ऑइल त्या सीलांना मिळत राहतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं आणि सीलाच्या कडेतून बाहेरची हवा आत खेचली जाते. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली की इंजिन सुसाट फिरतं, तापतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. जेटमध्ये वाळून बसलेल्या पेट्रोलचा चिकटा वेगळाच. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. मी जिला जपत होते ती गाडी उभ्या उभ्या झिजत होती.

सील बदलायला क्रँक बाहेर काढावा लागला. तो चाचांनी ज्या माणसाकडे नेला, तो लेथवाला दाबून बसवलेला क्रँक प्रेसवर उघडतो, पिन आणि बेअरिंग बदलतो, पुन्हा दाबून बसवतो आणि तांब्याच्या हातोडीने ठोकून केसाइतकाही वाकडेपणा न ठेवता सरळ करतो. हे काम करणारी माणसं आता शोधावी लागतात. मी त्याला विचारलं, एवढं काम येतं कुठून? त्याने भिंतीला टेकवलेल्या सिलिंडरांच्या रांगेकडे बोट दाखवलं. सगळे शर्यतीतले. त्या मुलांची इंजिनं हंगामात पुन्हा पुन्हा उघडतात: रिंगा जातात, बोअर वाढवावा लागतो, क्लचप्लेटा जळतात. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्याच्या दारात कित्येक वर्षांतून एकदा येतं. आमच्यावर त्याचं घर चाललं असतं तर त्याने केव्हाच ते प्रेस भंगारात घातलं असतं.

माझं मत तिथे पालटलं. म्हैसूरचा कारखाना नाही, आरएक्स-१०० बनवणं १९९६ मध्येच थांबलं, १९८५ च्या सुमारास आलेल्या हिरो होंडाने रस्ता फोर-स्ट्रोकचा करून टाकला आणि धुराच्या नियमांनी उरलेल्या टू-स्ट्रोक संपवल्या. अशा वेळी या इंजिनांचं ज्ञान कोणत्याही मॅन्युअलमध्ये पुरतं मावत नाही. ते चाचांच्या कानात आणि लेथवाल्याच्या मनगटात आहे. कान आणि मनगट रोजच्या कामानेच तयार राहतात, आणि ते रोजचं काम मातीतल्या शर्यती देतात.

मग मी शर्यत पाहायला गेले. नाशिकच्या बाजूला, कापणी झालेल्या एका शेतात. जेसीबीने माती ओढून वळणांना बांध घातले होते, उड्यांसाठी ढिगारे केले होते, पाण्याचा टँकर धूळ बसवत फिरत होता. कडेला जुन्या टायरांच्या भिंती. लाउडस्पीकरवर मराठीत धावतं वर्णन, आणि कुंपणाच्या दोरीपलीकडे अख्खं गाव. नवख्यांचा गट वेगळा, मुरलेल्यांचा वेगळा, मुलींचा वेगळा. स्वार कोण, तर आठवडाभर मोबाइलच्या दुकानात बसणारा, द्राक्षबागेत फवारणी करणारा, वडिलांचं टायरचं दुकान चालवणारा. बक्षिसाच्या रकमेतून त्यांच्या पिस्टनचा खर्चही सुटत नाही. हौशी हा शब्द मी तोवर हलक्या अर्थाने वापरत असे. तिथे त्याचं वजन कळलं.

आणि ती वळणं! सुट्या मातीवर पुढच्या चाकाने गाडी वळवता येत नाही, ते घसरतं. म्हणून स्वार वळणाआधीच गाडी आडवी टाकतो, मागचं चाक मुद्दाम घसरू देतो आणि मुठीने, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने, गाडी वळवतो. आतल्या बाजूचा पाय जमिनीलगत पुढे सोडलेला. ९८ सीसीचं, साधारण अकरा अश्वशक्तीचं इंजिन, त्याला ठरावीक फेऱ्यांच्या वर गेल्यावरच जोर येतो, आणि तो जोर वळणाच्या नेमक्या तोंडाशी आणायचा. हे ज्याला जमतं त्याला आपल्या इंजिनाची नस न् नस ठाऊक असते. नवख्यांच्या गटात एक मुलगा सगळ्यात शेवटी आला, दोनदा पडून. पडल्यावर त्याने गाडी उचलली, वाकलेला ब्रेकचा दांडा टाचेने सरळ केला आणि किक मारली. लोकांनी पहिल्या आलेल्यापेक्षा त्याला जास्त टाळ्या दिल्या. मीही दिल्या.

घरी आल्यावर जावाच्या वंशावळीकडे मी नव्याने पाहिलं. तिच्यातली नावं मला ठाऊक होती, पण मी त्यांच्याकडे तशी पाहत नव्हते. जावाने १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव गावची एसो ही कंपनी आपल्यात घेतली. एसो मातीच्या अंडाकृती ट्रॅकवरच्या स्पीडवे शर्यतींच्या गाड्या बनवायची: ५०० सीसी, मिथेनॉलवर चालणाऱ्या, आणि ब्रेक अजिबात नसलेल्या. पुढे जगभरच्या स्पीडवेवर जावा हे नाव दुमदुमलं. जावाची भावंड कंपनी सीझेड. तिच्या गाडीवर बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ मध्ये २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं, पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने १९६६ पासून सलग तीन वर्षं ५०० सीसीचं. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धातल्या धावपट्टीवर येझदी धावल्याच. ज्या घराण्याची गाडी मी मऊ कापडाने पुसत होते, ते घराणं चिखलात नावारूपाला आलं आहे.

काही गोष्टींवर माझं मत तसूभरही हललेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकातली जावा, येझदी किंवा राजदूत कापून शर्यतीला लावू नये. त्या फार थोड्या उरल्या आहेत. आरएक्सच्या बाबतीतही चेसिस कापणं मला सहन होत नाही. समजूतदार मुलं मूळ टाकी, सायलेन्सर, दिवा, मडगार्ड फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतात आणि बाहेरून आणलेले भाग लावतात. हंगाम संपला की गाडी परत मूळ रूपात येऊ शकते. हाच रस्ता योग्य आहे. टू-स्ट्रोकचा धूर वाईट आहे, आणि शहरातल्या रोजच्या वापरातून त्या गेल्या हे चांगलं झालं. दुसरी गोष्ट जिवाची. एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांखालच्या शर्यतीत परवाना लागतो, हेल्मेट-बूट-पाठीचं कवच तपासलं जातं, मार्शल झेंडे घेऊन उभे असतात, रुग्णवाहिका दारात असते. जत्रेच्या हौसेने, यातलं काहीही नसताना भरवलेल्या शर्यतींना मी जात नाही आणि कुणी जाऊ नये. गळ्याजवळचं हाड मोडलेला मुलगा मी पाहिला आहे. रुग्णवाहिका पन्नास पावलांवर होती म्हणून तो लगेच हलवला गेला.

सरकारी नियमांचा एक मुद्दा मित्रांनी लक्षात घ्यावा. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज धरली जाते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षं चालते, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. बाबांची येझदी या व्याख्येत बसते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना मात्र तीस वर्षं पुरेशी मानते. म्हणजे पहिली आरएक्स-१०० जगाच्या लेखी केव्हाच वारसा झाली, आपल्या कायद्याच्या लेखी ती २०३५ मध्ये होईल. मधल्या काळात तिला ना मान, ना सवलत. या काळात तिच्यासाठी पिस्टन मागवणारं, बोअर करून घेणारं, पैसे मोजणारं कोण आहे? माळावरची ही मुलं. २०३५ च्या प्रदर्शनात आपण ज्या आरएक्स कौतुकाने पाहू, त्यांची इंजिनं यांच्याच फिटरांनी राखलेली असतील.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: गाडी मैदानापर्यंत स्वतःच्या चाकांवर आली तर तिला गुण द्या. रंगाला जेवढे, तेवढेच. मंडपात एक टेबल क्रँक सरळ करणाऱ्या माणसाला द्या आणि लोकांसमोर त्याला काम करू द्या. शर्यतीतल्या मुलांना बोलवा, त्यांची चिखलाची गाडी चिखलासकट मांडा. आणि वाचकहो, तुमच्या गावाजवळ नीट नियमांनी शर्यत भरली तर एक रविवार तिथे जा. कानात कापूस घाला, मुलांना दोरीपासून लांब उभं करा, आणि घरी जुनी टू-स्ट्रोक पडून असेल तर निघण्याआधी तिथल्या फिटरचा फोन नंबर मागून घ्या.