बाळ्याचं भिरभिरं

आमच्या सौभाग्यवतींच्या धाकट्या भावाला घरात अजून सगळे बाळ्या म्हणतात. बाळ्या 54 वर्षांचा आहे, कॅलिफोर्नियात लोकांचे दात उपटतो आणि हौस म्हणून हेलिकॉप्टर उडवतो. लहानपणी जत्रेतलं भिरभिरं कुणी घेऊन दिलं नाही, त्याचा हा सूड असावा.

2025 च्या मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे होतो. "भाऊजी, रविवारी तुम्हाला आणि ताईला कॅटलिना बेटावर नेतो," त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. "वा वा!" मी म्हटलं. माणूस घाबरला की 'वा वा' फार लवकर म्हणतो.

मात्र आदल्या दिवशी बाळ्याची परीक्षा होती. तिकडे खाजगी वैमानिकाला दर 24 महिन्यांनी शिक्षकापुढे उजळणी करावी लागते. निदान एक तास तोंडी आणि निदान एक तास हवेत. बाळ्याचं रॉबिन्सन आर-44. त्याला तर उजळणीही त्याच जातीच्या हेलिकॉप्टरात हवी. मुदत संपणार शनिवारी, 31 तारखेला. "ही परीक्षा नव्हे हं," बाळ्याने बजावलं, "ह्यात कुणी नापास होत नाही. शिक्षक फक्त सही करत नाही." आमच्या मॅट्रिकच्या वेळी ही सोय असती, तर वडिलांशी माझे संबंध पुष्कळ सुधारले असते. स्कूटरच्या लायसन्ससाठी मी एकदा जमिनीवर इंग्रजी आठ काढून दाखवला होता. तो आठ पुन्हा आजतागायत कुणी मागितलेला नाही. मागितला तर सहा निघेल.

शुक्रवारी रात्री बाळ्या पुस्तकं पसरून बसला. ताईने बदाम घातलेलं दूध आणून ठेवलं.

"इंजिन बंद पडलं तर काय होतं रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

बाळ्याने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि डाव्या हातात आडवं धरलं. हा कलेक्टिव्हचा दांडा. इंजिन गेलं की हा ताबडतोब खाली. मग पात्यांचा कोन कमी होतो आणि आपण खाली येत असताना खालून येणाऱ्या हवेवर ती फिरत राहतात. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मारायचा आणि शेवटी लाटणं वर. "दगडासारखं पडत नाही, भाऊजी. भिरभिऱ्यासारखं येतं." रात्रभर मी अंथरुणात डावा हात खाली नेत होतो.

सकाळी ताईने त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी त्याच्याबरोबर विमानतळावर गेलो आणि बाकावर बसलो. खोटं कशाला सांगू, सही होऊ नये म्हणून मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घातलं.

गणपतीने ऐकलं. बाळ्या हेडसेट हातात घेऊन सावकाश चालत आला.

"सही नाही झाली, भाऊजी. त्याने गॅस काढून घेतला आणि माझं लाटणं उशिरा खाली गेलं. भोंगा वाजला."

"किती उशीर?"

"असेल सेकंदभर. तेवढ्यात पात्यांचे फेरे घसरतात. थोडा सराव करून या म्हणाला. बरोबर आहे त्याचं." मग तो आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. "दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं हो. ताईला काय सांगू? तिने दही दिलं होतं."

परत येताना मोटारीत कुणी बोललं नाही. गणपतीला एवढ्या क्षुल्लक कामासाठी उठवल्याची मला लाज वाटत होती.

दारातच सौभाग्यवतींनी विचारलं, "झालं ना रे?" बाळ्या तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "त्याचं सोड. मी काही उद्या येत नाही. मला भीती वाटते."

पुढचा अर्धा तास मला जे ऐकावं लागलं त्यात आमच्या लग्नातल्या घोड्याचाही उल्लेख होता. बाळ्या तेवढा वेळ फ्रीजमध्ये डोकं घालून काहीतरी शोधत होता.

तीन आठवड्यांनी पुण्याला फोन आला. "भाऊजी, झाली सही! आता कधी येता?"

"वा वा!" मी म्हटलं.